सवायकी

सूरच्या बर्फघरात, उणे अठरा अंशांत,
आम्ही तारल्यांचे खोके रचतो.
पाच आडवे, पाच उभे, पाच थर,
एका पॅलेटवर सव्वाशे.
एकेक मोजत बसलो तर आकड्याआधी बोटं संपतील,
म्हणून मी उड्या मारत जातो:

सव्वाशे, अडीचशे,
पावणेचारशे, पाचशे,
सव्वासहाशे, साडेसातशे,
पावणेनऊशे, हजार.

आकडा तोंडातून निघतो, त्याची वाफ होते.
शाजी मल्याळममध्ये मोजतो, मुराद बलुचीत.
त्यांच्या मोजण्यातही जिने असतील, मला दिसत नाहीत.
माझा जिना चार पायऱ्यांचा.
सव्वा, मग अर्ध्यावर, मग पाऊण, मग सपाट जमीन.
पंचवीस, पन्नास, पंच्याहत्तर, दोन शून्यं.
कितीही लांब जा, शेपट्या चारच.

हे शाळेतलं नाही.
साखरीनाट्याला गुलामचाचा सुंभ तोलायचे,
म्हणायचे, सवायकी येत नाही
त्याने माझ्या तराजूला हात लावू नये.
मी लावला. अकरा वर्षांचा होतो.
आता इथे पैशाला बैसा म्हणतात
आणि रियाल हजार बैशांचा.
आठव्या उडीला मी बरोबर रियालावर उतरतो,
चाचांना हे आवडलं असतं.

परवा खल्फानने कागदावर लिहिलं: दोन हजार तीनशे साठ.
मी आत न जाताच म्हटलं, चूक.
तो म्हणाला, तू बघितलंस?
म्हटलं, बघायचं काय, साठावर माझी उडी पडतच नाही.
एकोणीस पॅलेट, पावणेचोवीसशे.
पंधरा खोके कुठेतरी आहेत.
होते. दारामागे, ओल्या ताडपत्रीवर.
कोपरे फुटले म्हणून मुरादने बाजूला काढलेले,
आणि सांगायला विसरलेला.
खल्फानने मला खजूर दिला, मुरादला शिव्या.
मी अर्धा खजूर मुरादला दिला.

करार दोन वर्षांचा, सुट्टी दोन वर्षांनी.
सातशे तीस, चौदाशे साठ, एकवीसशे नव्वद,
एकोणतीसशे वीस, छत्तीसशे पन्नास.
शेवटी नेहमी शून्य, त्याच्या अलीकडे
तीन, सहा, नऊ, दोन, पाच,
पुढे आठ, एक, चार, सात.
एकही अंक सुटत नाही.
फक्त दर दुसऱ्या उडीत एक दिवस जास्तीचा निघतो,
एकोणतीस फेब्रुवारीचा.
त्या दिवशीही मी खोकेच मोजले असणार.

निलोफर मी आलो तेव्हा पोटात होती.
पहिल्या सुट्टीत एक वर्षाची,
मग तीन, पाच, सात, नऊ, अकरा.
मला माझी मुलगी विषमच भेटली.
पाचव्या वर्षी तिचे दुधाचे दात सगळे जागेवर,
सातव्या वर्षी समोर दोन मोठे, करवतीच्या काठाचे.
मधलं भगदाड मी पाहिलं नाही.
नवव्या वर्षी हनुवटीवर तीन टाके, जुने,
काजूच्या झाडाचे म्हणे.
सम वर्षं फोनमध्ये आहेत,
नेट गेलं की तिथेच गोठतात.

आता ती बारा.
काल विचारत होती, अब्बा, तुम्हाला कितीचा पाढा येतो?
मी म्हटलं, सव्वाशेचा,
आणि सुरू झालो.
तिसऱ्याला तिने अडवलं. पावणेचारशे म्हणजे?
म्हटलं, तीनशे पंच्याहत्तर.
मग तीनशेचं नाव सोडून चारचं कशाला घेता?
चार तर अजून आलेच नाहीत!

मी जरा थांबलो.
बाहेर तांबूस उजेडात होड्या परतत होत्या.
म्हटलं, आपल्यात तसंच मोजतात,
जे यायचंय त्याच्या नावाने.

ती हसायला लागली.
अब्बा, तुम्ही घरी आलात की शेजारची दादी ओरडते ना,
पावणे आले, पावणे आले!
ते पण तेच का?

नाही गं, म्हटलं, ते वेगळं,
ते पाहुणे.

आणि पुढची पायरी
चटकन सांगून टाकली:
पाचशे.